तेरा वर्षांची लेक, बंद दार आणि नाच: ह्याला व्यायाम धरायचं का?

गोदाकाठ | १२ जून, रात्री १०:१४

लेक नुकतीच तेरा पूर्ण झाली, आठवीत गेली. सहावीपर्यंत तिला संध्याकाळी हाका मारमारून वर बोलवावं लागायचं. डबा ऐसपैस, विषामृत, सायकल, काय वाट्टेल ते. सहावीच्या दिवाळीत पाळी सुरू झाली आणि तिथून पुढे तिचं खाली जाणंच आटलं. कुणी बंद केलं नाही, कुणाशी भांडण झालं नाही, नुसतं आटलं. शाळेत पी.टी.च्या तासाला मुलगे मैदानावर आणि मुली कट्ट्यावर गप्पा मारत बसलेल्या, हे मी स्वतः पाहिलंय.

गेल्या महिन्यात लिफ्ट बंद होती. तिसऱ्या मजल्यापर्यंत येताना ती दोनदा कठड्याला धरून उभी राहिली. रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ९.८. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि रोज तासभर अंग हललं पाहिजे म्हणून बजावलंय. बॅडमिंटन लावलं, आठ दिवसांत सुटलं. सकाळी माझ्याबरोबर चालायला चल म्हटलं की पांघरूण डोक्यावरून. सासूबाई सूर्यनमस्कार घाल म्हणतात, तर आजीसमोर दोन घालते आणि तिसऱ्याला अभ्यास आठवतो.

पण एक गोष्ट ती रोज करते. खोलीचं दार लावून नाचते. परवा दार नीट लागलं नव्हतं. मोबाईल कंपासपेटीला टेकवून ठेवलेला आणि एकच तुकडा पुन्हा पुन्हा. मी मोजलं, अकरा वेळा. एका गिरकीला पाय अडखळत होता, तो जमेपर्यंत तिने सोडला नाही. मानेवर केस चिकटलेले, गाल लालबुंद. दोन वर्षांत मी तिला एवढं दमलेलं आणि एवढं खुशीत पाहिलं नव्हतं. मी दिसले आणि गाणं बंद. "काही नाही गं, जा ना."

तर प्रश्न असा, की हे व्यायामात धरता येईल का? क्लास लावायचा तर कुठला? आणि मुळात मी ह्यात हात घालावा की दार लावून घ्यावं?

तुरीचं शेत | १२ जून, रात्री १०:३१

रुमाल टाकून ठेवतेय. माझी बारा वर्षांची, तंतोतंत हीच कहाणी, फक्त आमच्याकडे मजला दुसरा.

सायसाखर | १२ जून, रात्री १०:५०

आमच्या सोसायटीत सकाळी सातला झुंबा असतो, मी लेकीला घेऊन गेले होते. आम्ही सगळ्या चाळिशीच्या पुढच्या, गुडघे सांभाळत नाचणाऱ्या. ती मधोमध उभी, चेहऱ्यावर सुतक. घरी येऊन म्हणाली, "आई, तू जा, तू छान नाचतेस, पण मला तिथे नको नेऊस." बरोबरच होतं तिचं. त्या वयात बरोबरीच्या मैत्रिणी लागतात. आईच्या मैत्रिणी चालत नाहीत.

अबोली_वैद्य | १३ जून, सकाळी ७:०५

गोदाकाठ, मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. आधी रक्ताचं बोलते, मग नाचाचं.

ह्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात आणि ९.८ हा मध्यम रक्तक्षय झाला. "जरासं कमी आहे" म्हणून सोडून देण्यासारखा नाही. तुम्ही एकट्याही नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते १९ वयाच्या दर १०० मुलींमागे ५९ जणींना रक्तक्षय होता. अशी मुलगी "आळशी" दिसते. खरं तर तिच्या स्नायूंना प्राणवायूच पुरत नसतो. गोळी लिंबू सरबताबरोबर द्या, चहा-कॉफी आणि दूध तिच्यापासून दोन तास लांब ठेवा. शौचाला काळसर होईल, घाबरू नका. आकडा १२ वर गेला तरी गोळ्या पुढे साधारण तीन महिने चालू ठेवायच्या असतात, नाहीतर साठा भरत नाही. सगळ्यात जास्त चुकतं ते इथेच. शिवाय तिला हळूच विचारा, पाळी सात दिवसांच्या वर जाते का, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का. तसं असेल तर आपल्या डॉक्टरांना नक्की सांगा.

आता नाच. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल सांगते आणि त्यात आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू-हाडांना ताण देणारं काहीतरी असावं असं म्हणते. पट्टी सोपी आहे. बोलता येतंय पण गाता येत नाही, म्हणजे मध्यम. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतोय, म्हणजे जोरकस. अकरा वेळा तोच तुकडा, केस चिकटलेले, गाल लाल? बाई, हा व्यायामच आहे. त्यात उड्या आणि पाय आपटणं असलं तर हाडांनाही हवंच असतं. मुलींच्या हाडांची जवळजवळ ९० टक्के भरती अठराच्या आत होते. तिशीनंतर आपण फक्त खर्च करतो.

सध्या रक्त कमी आहे तोवर दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करू द्या. छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तिथेच थांबायचं.

तत्कार | १३ जून, दुपारी १:२०

मी कथक शिकवते, बावीस वर्षं झाली. अर्थातच म्हणेन की कथक लावा! लोकांना वाटतं कथक म्हणजे हातवारे आणि डोळे. एकदा तीनतालातला तत्कार, म्हणजे पायांनी ताल वाजवणं, दहा मिनिटं करून बघा. एकपट, दुप्पट, चौपट, पायात शंभर-शंभर घुंगरू. पोटऱ्या पेटतात. चक्करांनी तोल आणि पाठीचा कणा तयार होतो. मुलीला उभं कसं राहायचं ते कळतं, आणि माझ्या मते पौगंडात हीच सगळ्यात मोठी कमाई. दप्तराने आणि लाजेने पुढे झुकलेले खांदे सहा महिन्यांत मागे जाताना मी पाहिलेत.

घड्याळवाला बाबा | १३ जून, रात्री ९:४४

तत्कारताई, राग मानू नका. माझी मुलगी चौदा वर्षांची, तीन वर्षं एका नृत्यवर्गाला जाते. बाहेर बाकावर बसून मी चार रविवार घड्याळ लावून मोजलं. एका तासात तिचं अंग खरोखर हललं ते २२ मिनिटं. बाकीचा वेळ आपली पाळी येईपर्यंत उभं राहणं, बाईंचं समजावणं, वही लिहिणं, घुंगरू बांधणं-सोडणं.

मला वाटलं आमचाच वर्ग असा. मग वाचलं, सॅन दिएगोत संशोधकांनी २६४ मुलींच्या कमरेला मोजणी यंत्रं बांधून नाचाच्या वर्गांत नेमकं हेच तपासलं होतं. २०१५ मध्ये ते छापून आलं. मध्यम ते जोरकस हालचाल सरासरी सुमारे १७ मिनिटंच भरली. म्हणून क्लास लावला की तासाचा व्यायाम झाला, हा हिशेब चुकीचा आहे. मी क्लास बंद नाही केला, तिला तो जीव की प्राण आहे. पण आम्ही जाताना-येताना रिक्षा सोडली, दोघं चालत जातो. गप्पाही त्याच वेळात होतात.

तत्कार | १४ जून, सकाळी १०:०२

राग कसला, बाबा! रात्री झोपताना तुमचं २२ मिनिटं डोक्यात घुमत होतं. आज सकाळच्या बॅचला मीही घड्याळ लावलं. २६ भरली. परीक्षेच्या बॅचला तर आणखी कमी भरतील, कारण गांधर्व महाविद्यालयाच्या कथक परीक्षेची तोंडी तयारी असते. आता सुरुवातीची पंधरा मिनिटं सगळ्यांनी एकत्र, न थांबता पदन्यास, आणि एकीची पाळी चालू असताना बाकीच्यांनी हातावर ताल न धरता पायाने धरायचा, असं ठरवलंय.

मिरजमळा | १४ जून, दुपारी ४:३३

एक साधा प्रश्न. रोज तासभर नाचून महिन्याला किती किलो कमी होतील? मुलगी पंधराची, ६४ किलो आहे. लग्नकार्यात सगळे बोलतात हो, ऐकवत नाही.

अबोली_वैद्य | १४ जून, सायंकाळी ६:१५

मिरजमळाताई, तुमची तगमग समजते, तरी स्पष्ट लिहिते. ह्या वयात कमरेवर, मांड्यांवर चरबी येते ती निसर्गाने आणलेली असते, पाळी चालू राहायला ती लागते. नुसत्या ६४ आकड्यावरून काहीच कळत नाही. उंची किती, पाळी कशी, मानेवर काळपट जाडसर पट्टे आहेत का, हे पाहावं लागतं. ते एकदा डॉक्टरांकडून बघून घ्या.

पण नाच "बारीक होण्यासाठी" म्हणून सुरू केलात तर दोन महिन्यांत बंद पडेल. वजनकाटा सावकाश हलतो आणि मुलीला वाटतं, मी नाचून उपयोग नाही. दुसरं टोकही मी बघते. नाच भरपूर, जेवण चिमूटभर, आणि मग पाळीच बंद. खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की शरीर पहिल्यांदा पाळी थांबवतं आणि मग हाडं ठिसूळ करतं. पाळी सुरू होऊन वर्ष उलटलेल्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर ते वजन उतरल्याचं शुभलक्षण समजू नका, दाखवायला या.

किलो मोजू नका. जिना मोजा, झोप मोजा, पाळीत किती दिवस शाळा बुडते ते मोजा.

मिरजमळा | १४ जून, रात्री ८:०२

मानेवर पट्टे आहेत. मी मळ समजून घासत होते. सोमवारी नेते.

हलगी_सातारा | १५ जून, सकाळी ६:४०

मी शारीरिक शिक्षणाचा निवृत्त शिक्षक. पी.टी.च्या तासाला मुली कट्ट्यावर बसतात हे वाचून वाईट वाटलं, कारण खरं आहे. त्यात चूक आमचीही आहे. आम्ही चेंडू टाकतो, मुलगे मैदान व्यापतात, मुलींना "तुम्ही स्कोअर लिहा" म्हणतो. दहावीला तर तो तास गणिताला जातो.

मुली हटकून उठतात ती एकच गोष्ट माझ्या नोकरीत पाहिली, लेझीम. १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांच्या उद्घाटनाला लेझीम नाचलं होतं. आता ते गॅदरिंग आणि २६ जानेवारीपुरतं उरलंय. महिनाभर सराव, मग लेझमा कपाटात कुलूपबंद. मी काय केलं, कपाटाला कुलूपच लावलं नाही. दर गुरुवारी शेवटच्या तासाला लेझीम. चार आवाज, पवित्रा, मग वाकून घाटी लेझीम. ज्याला व्यायामशाळेतली बैठक म्हणतात ती मुली शंभरदा मारतात आणि त्यांना कळतही नाही, कारण कान तालाकडे असतात.

तरी तिसऱ्या गुरुवारी निम्म्या मुलींचं पोट दुखायला लागलं. मुलगे भिंतीवर बसून बघायचे. मी दोन बदल केले. मुलग्यांना त्याच वेळी मागच्या मैदानावर धाडलं, आणि हलगी माझ्या गळ्यातून काढून एका मुलीच्या गळ्यात घातली. ती काळीसावळी, किडकिडीत पोर, वर्गात कधी तोंड उघडलं नव्हतं. तिने काठीचा पहिला तडाखा दिला आणि स्वतःच दचकली. मग हसली. त्या दिवसानंतर तिच्या मैत्रिणींचं पोट गुरुवारी कधी दुखलं नाही.

वऱ्हाडी_ठेचा | १५ जून, सकाळी ११:११

सर, लय भारी लिहिलं. आमच्याकडे भुलाबाईत पोरी महिनाभर घरोघर गाणी म्हणत फिरायच्या. पण खरं सांगू का, जेवढं चालणं व्हायचं त्याच्या दुप्पट खिरापत पोटात जायची!

पोफळीची बाग | १५ जून, दुपारी २:५०

अवांतर होतंय, पण आमच्या गोव्याची फुगडी आणि धालो विसरू नका. पौषात मांडावर रात्री धालो चालतात, दोन ओळी समोरासमोर, गाणं म्हणत मागे-पुढे. माझी आजी साठीत सलग दोन तास धालो खेळायची, आणि अबोलीताईंची पट्टी लावली तर ती पट्टीच मोडायची, कारण ती खेळताना गातही असायची!

लाटीबाईलाटी | १५ जून, दुपारी ३:३०

पोफळीची बाग, अगदी! मी मंगळागौरीचा गट चालवते, ठाण्याला. श्रावणाच्या आधी दोन महिने तालीम असते. बसफुगडी, दंडफुगडी, कोंबडा, पिंगा, आगोटापागोटा, किस बाई किस, तऱ्हेतऱ्हेचे प्रकार. कोंबडा म्हणजे उकिडवं बसून उड्या. जिममध्ये जाणाऱ्या सुनासुद्धा पंधराव्या उडीला आडव्या होतात. गाताना श्वास कुठे घ्यायचा ह्याचीही आपसूक तालीम होते.

गेल्या वर्षी गटातल्या तिघींच्या मुली, सातवी ते नववी, कंटाळून कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसायच्या. एकदा दोघींना म्हटलं, फक्त वेगात फुगडी घालून दाखवा. हात तिरपे, पायाला पाय, पाठ मागे सोडायची. समोरच्यावर पूर्ण भार टाकल्याशिवाय फुगडी फिरत नाही. पहिल्यांदा दोघी घाबरून जवळ जवळ, गुडघे वाकवून फिरल्या. तिसऱ्यांदा सोडलं अंग. वेण्या आडव्या झाल्या, किंचाळणं, हसणं, आणि थांबल्यावर दोघी भिंतीला टेकून "परत, परत!" आता त्या तिघी तालमीला आमच्या आधी हजर असतात, आणि पिंग्याच्या चालीत मधेच त्यांच्या नाचाची पावलं घुसवतात. आम्ही अडवत नाही.

एव्हनतीर | १५ जून, रात्री ११:२५

मी ब्रिस्टलला राहते. धागा वाचून आनंद झाला, पण एक उलटा मुद्दा मांडते. आमच्या इथल्या विद्यापीठाने नेमका हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर केला होता. १८ शाळा, ११-१२ वर्षांच्या ५७१ मुली. निम्म्या शाळांत शाळा सुटल्यावर आठवड्यातून दोनदा नाच, प्रत्येक वेळी ७५ मिनिटं, असे ४० वर्ग. सगळं फुकट, शिक्षिकाही चांगल्या. वर्षाने पुन्हा मोजलं तर नाचलेल्या आणि न नाचलेल्या मुलींच्या रोजच्या हालचालीत फरक नाही. २०१५ ला निकाल आला. वर्गांची हजेरीही कमीच राहिली होती. म्हणून नाच सुरू केला की मुली आपोआप सुदृढ होतील, असं कुणी म्हटलं की मी थबकते.

घड्याळवाला बाबा | १५ जून, रात्री ११:४०

एव्हनतीर, धन्यवाद. माझ्या २२ मिनिटांना सोबत मिळाली.

उत्तरवारा | १६ जून, पहाटे २:१५

आणि मी स्वीडनमध्ये, त्यामुळे मला दुसरी बाजू मांडू द्या. एरेब्रू नावाच्या शहरात १३ ते १८ वयाच्या ११२ मुली घेतल्या होत्या. वारंवार शाळेच्या नर्सकडे येणाऱ्या, डोकं दुखतं, पोट दुखतं, थकवा, उदास वाटतं अशा तक्रारींच्या. निम्म्यांना आठ महिने आठवड्यातून दोनदा ७५ मिनिटं नाच दिला. त्या मुलींना आपली तब्येत कशी वाटते हे विचारत राहिले, तर नाचणाऱ्या गटाचं उत्तर चांगलं होत गेलं आणि वर्ग संपल्यावर वर्षभरानेही ते टिकलं होतं. दहातल्या नऊ जणींनी अनुभव छान होता म्हणून सांगितलं. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

एव्हनतीर, दोन्ही प्रयोगांत वेळ तेवढीच, ७५ मिनिटं, आठवड्यातून दोनदा. मग फरक कुठे? मला वाटतं, प्रश्नच वेगळा विचारला होता. तुमच्याकडे पावलं मोजली, इथे मन विचारलं. आणि इथे वर्गात परीक्षा नाही, स्पर्धा नाही, स्टेजवर कार्यक्रम नाही. नाचाचा आनंद एवढाच नियम. गाणी मुलीच सुचवायच्या.

एव्हनतीर | १६ जून, सकाळी ७:३०

हो, हे पटलं. पावलं वाढली नाहीत म्हणजे काहीच झालं नाही, असं म्हणता येत नाही खरं.

रामप्रहर | १६ जून, सकाळी ८:००

सगळं ठीक, पण मोबाईलसमोरच्या नाचाबद्दल कुणीच बोलत नाही. गाण्यांचे शब्द काय, अंगविक्षेप काय! तेरा वर्षांच्या मुलीने ते करावं? व्हिडिओ कुणाकुणापर्यंत जातात? केरळात २०२५ मध्ये शाळांत झुंबा आणला तेव्हाही काही संघटनांनी विरोध केलाच ना. मी जुन्या विचारांचा म्हणा हवं तर, पण काळजी वाटते.

उंबरठा | १६ जून, सकाळी ११:४५

मी एकोणीस वर्षांची आहे. बहुतेक ह्या धाग्यावर "ती मुलगी" असलेली मी एकटीच. रामप्रहर काका, व्हिडिओची काळजी रास्त आहे. खातं खासगी आहे का, खोलीत मागे शाळेचं नाव दिसतंय का, हे नक्की बघायला सांगा. पण बहुतेक जणी व्हिडिओ टाकतच नाहीत. आम्ही मोबाईल आरसा म्हणून लावतो. पाहून शिकतो आणि नंतर पुसून टाकतो.

मी नववीत कथक सोडलं. घरच्यांना वाटलं अभ्यासासाठी. खरी कारणं आज पहिल्यांदा लिहितेय.

छाती दुखायची. चक्कर घेताना, उडी मारताना. माझ्याकडे फक्त स्लिपा होत्या. खेळायला वेगळी, घट्ट आधार देणारी ब्रा मिळते हे मला कॉलेजात मैत्रिणीकडून कळलं. आई दुकानात नेऊन तीनशे-चारशे रुपयांची एक घेऊन देती तर मी आज कथकच्या मध्यमा परीक्षेला असते.

शाळेचा पी.टी.चा पोशाख पांढरा. एकदा डाग पडला. त्यानंतर महिन्यातले दहा दिवस मी "बरं नाही" म्हणून बसायचे, तारीख पक्की नसायची ना.

आणि एका लग्नात संगीताला नाचले, तेव्हा एक आत्या म्हणाली, "किती गोड नाचतेस गं, आता जरा बारीक झालीस की अजून शोभेल." टाळ्या विसरले मी, ते वाक्य नाही विसरले.

आता हॉस्टेलच्या गच्चीवर आम्ही चौघी रात्री साडेनऊला नाचतो. एक स्पीकर, एक टाकी, टाकीवर दुपट्टे. परीक्षेच्या दिवसांत अर्धा तास, एरवी तास. कुणी कुणाला शिकवत नाही. झोप लागते मला आता.

गोदाकाठ मावशी, दार उघडू नका. पण बाहेरून म्हणा, "मला ती गिरकी शिकवशील का?" तिला वाटलं तर तीच उघडेल.

लाटीबाईलाटी | १६ जून, दुपारी १२:१०

उंबरठा, बाळा, तुला मिठी. गटातल्या तिन्ही पोरींच्या आयांना तुझी पोस्ट आत्ता पाठवली.

रामप्रहर | १६ जून, दुपारी १२:५५

उंबरठा, तू लिहिलंस ते मला कुणी सांगितलंच नव्हतं. माझी नात चौदाची आहे. सुनेशी बोलतो.

तत्कार | १६ जून, दुपारी १:३०

ह्या पोस्टने मला आरसा दाखवला. बावीस वर्षांत आठवी-नववीला मुली गळतात तेव्हा मी "अभ्यास" असंच लिहीत आले वहीत. आतापासून नवीन मुलींच्या आयांशी पहिल्याच दिवशी ह्याविषयी बोलणार, आणि वर्गात एक डबा ठेवणार, पॅड आणि एक जादा काळी सलवार.

गोदाकाठ, जमिनीबद्दलही सांगते. स्लॅबवरच्या टाइल्सवर उड्या मारू नका म्हणावं, नडगी धरते. उड्यांचा नाच असेल तर पायात बूट हवेत. वाढीच्या वयात गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला टेंगूळ येऊन दुखलं तर उड्या थोड्या थांबवायच्या आणि दाखवून घ्यायचं. बहुतेकदा ते वाढ पुरी होते तसं बरं होतं. सतरंजी मात्र घालू नका, घसरते.

सायसाखर | १६ जून, दुपारी २:१०

टाइल्सवरून आठवलं, आमच्या खालच्या मजल्यावरचे काका "वर हत्ती पाळलाय का" म्हणून आले होते. लेकीने त्यांना वेळ विचारली, कधी नाचलेलं चालेल म्हणून. ते म्हणाले संध्याकाळी सहा ते सात, मी देवळात असतो. आता पावणेसातपर्यंत नाच, आणि काका देवळातून आले की बेल वाजवून "झालं का गं?" विचारतात.

गोदाकाठ | १६ जून, रात्री ९:५९

सगळ्यांना मनापासून नमस्कार. दोनदा वाचला धागा, उंबरठाची पोस्ट चारदा. उद्या आम्ही दोघी दुकानात जातोय. बाकी कळवीन.

गोदाकाठ | १६ नोव्हेंबर, रात्री १०:२०

पाच महिन्यांनी धागा वर काढतेय.

दुकानात ती आधी माझ्याशी बोलेना. दुकानातल्या ताई समजूतदार निघाल्या, टेप घेऊन तिला एकटीला आत नेलं. दोन घेतल्या. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "तुला कसं कळलं?" मी उंबरठाचं नाव सांगितलं. आता ती मला रोज विचारते, त्या ताईने काही लिहिलंय का.

मग गिरकीचं विचारलं, दाराबाहेरूनच. पहिल्या दिवशी "नको ना आई." तिसऱ्या दिवशी दार उघडलं. मला ती गिरकी अजूनही जमत नाही, डावीकडे तोल जातो, आणि ती माझा खांदा धरून "नजर एका जागी ठेव, मान शेवटी वळव" सांगते. हे तिला कुणी शिकवलं? कुणीच नाही, तिचं तिने शोधलं. तत्कारताई, बरोबर आहे ना हे?

क्लास लावला नाही. तिनेच शाळेतल्या तिघींना बोलावलं. मंगळवार, गुरुवार, रविवार, आमच्या गच्चीवर, बूट घालून. ऑगस्टमध्ये एकीने सोडलं, दुसरी आली. पावसात तीन आठवडे खंड पडला, तेव्हा वाटलं संपलं. नाही संपलं. बाबांचं घड्याळ मीही लावून बघितलं, तासात ३८ मिनिटं. नवरात्रात गरब्याला चौघी एका ओळीत होत्या आणि दमून बसल्या नाहीत.

हिमोग्लोबिन मागच्या आठवड्यात १२.१. हे काम गोळ्यांचं, नाचाचं नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण गोळी रोज आठवणीने घेते ती आता. "दम लागला तर गिरकी चुकते" म्हणून. काल लिफ्ट चालू होती तरी जिन्याने आली. वजन केलंच नाही, काटा माळ्यावर ठेवलाय.

एकच अडचण. सहामाहीत गणितात मार्क कमी पडले आणि हे म्हणताहेत की मार्चपर्यंत गच्ची बंद.

अबोली_वैद्य | १७ नोव्हेंबर, सकाळी ७:१२

१२.१ वाचून सकाळ छान झाली. गोळ्या फेब्रुवारीपर्यंत चालू ठेवा, आताच थांबवू नका.

घड्याळवाला बाबा | १७ नोव्हेंबर, सकाळी ९:३०

३८! तिला माझ्यातर्फे शाबासकी. गणिताचं म्हणाल तर मीही गेल्या वर्षी हेच केलं होतं, क्लास दोन महिने बंद. ते वाचलेले तास वहीत गेले नाहीत, पलंगावर लोळण्यात गेले. तिच्या बाबांना माझा हा अनुभव जरूर वाचून दाखवा. तीनाचे दोन दिवस करून बघा, पण बंद नका करू.

मिरजमळा | १७ नोव्हेंबर, सकाळी ११:०५

आमचंही कळवते. तपासण्या झाल्या, उपचार चालू आहेत, पाळी पस्तीस दिवसांवर आलीय. ती लेझीम पथकात गेली. वजन मला विचारू नका, मीही तिला विचारत नाही.

तत्कार | १७ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

गोदाकाठ, नजर एका जागी आणि मान शेवटी, अगदी हेच मी पहिल्या वर्षाला शिकवते. डावीकडे तोल जातोय म्हणजे तुमचा उजवा खांदा वर उचलला जातोय. तिला बघायला सांगा.

उंबरठा | १७ नोव्हेंबर, रात्री ९:२५

मावशी, तिला सांगा मी लिहिलंय. आज गच्चीवर आम्ही सहा जणी आहोत. आणि काकांना सांगा, माझी गणितं रात्री नाचून आल्यावरच सुटतात.

तुरीचं शेत | १७ नोव्हेंबर, रात्री ९:५०

जूनमध्ये टाकलेला रुमाल आज उचलतेय. गोदाकाठ, तुम्ही नाशिकच्या ना? आम्ही दिवाळीनंतर पंचवटीत राहायला आलोय. रविवारी किती वाजता जमतात मुली? माझी दारातून नुसतं बघेन म्हणतेय, पण बूट आजच पुसून ठेवलेत तिने.

गोदाकाठ | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०२

साडेपाचला. पत्ता निरोपात पाठवते. पाण्याची बाटली तेवढी मोठी द्या.